चौथा आणि पाचवा मणका

मागून कुणीतरी "ओ बाई, ओ बाई" करत होतं, पण रस्त्यावर बायका पुष्कळ असतात, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. शिवाय मागे वळायचं म्हणजे तिला नुसती मान वळवून भागत नसे. आधी पावलं, मग कंबर, मग खांदे, असं सबंध अंग वळवावं लागे, एखादं जड कपाट भिंतीपासून सरकवावं तसं. शेवटी एक माणूस धापा टाकत तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात एक चप्पल होती. "तुमचीच ना?" तो म्हणाला. "पार त्या औषधाच्या दुकानापासून हाका मारतोय." तिने चपलेकडे पाहिलं. तपकिरी पट्टा, अंगठ्याजवळ झिजलेला. मग तिने खाली पाहिलं. उजव्या पायात तशीच चप्पल होती आणि डावा पाय उघडा, फूटपाथच्या फरशीवर, तळव्याला धूळ लागलेला. औषधाचं दुकान चांगलं पन्नास पावलं मागे होतं. पन्नास पावलं ती एका पायात चप्पल घालून चालत आली होती आणि डाव्या पायाने तिला त्याची काही म्हणता काही खबर दिली नव्हती. "विसरभोळी आहे मी," ती हसून म्हणाली. माणसाने चप्पल खाली ठेवली. तिने पाय चपलेत घातला, पण डोळ्यांनी बघत बघत घालावा लागला, सुईत दोरा ओवावा तसा. तो माणूस गेल्यावरही ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग कामाला उशीर होईल म्हणून चालू लागली. दर चार पावलांनी खाली बघत.

कारखान्यात तिला सगळे मास्तर म्हणत. तिथे कामगारांचे गणवेश शिवले जात आणि कापड बेतायचं, कापायचं काम गेली सव्वीस वर्षं तिच्याकडे होतं. तिच्या आधीचे मास्तर पुरुष होते. ते गेल्यावर पट्टी आणि खडू तिच्या हाती आले, त्यांच्याबरोबर हे संबोधनही आलं, आणि ते बदलून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. तिचं टेबल सबंध हॉलभर लांब. त्यावर कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचे नमुने मांडायचे, बाही पाठीच्या कुशीत बसवायची, कॉलर दोन खिशांच्या फटीत, बोटभर कापड वाया जाता कामा नये. मग ते उभ्या पात्याचं यंत्र हातात धरून थरांमधून न्यायचं. या सगळ्याला वाकावं लागे. वाकूनच तिचं आयुष्य गेलं होतं. टेबलाच्या उंचीबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. आधीच्या मास्तरांच्या वेळचं टेबल होतं, तेही त्यावर वाकतच आले होते.

दुखणं सुरू झालं त्याला आता बारा वर्षं झाली. आधी नुसती कंबर धरायची, मग सोडायची. मग सोडेनाशी झाली. मग एका हिवाळ्यात ते कमरेतून निघालं आणि डाव्या मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरून खाली उतरलं, तापलेली तार आतून ओढत न्यावी तसं. पाठ टेकली की लोकांना झोप लागते. तिची पाठ टेकली की तिला टक्क जाग यायची. शिंकेची तिला धास्ती वाटे. नाकात हुळहुळलं की ती हातातलं टाकून टेबलाची कड घट्ट धरायची, आणि इस्त्रीवाल्या ताई, ज्या तिच्या समोरच उभ्या राहून काम करत, हातातली इस्त्री उभी करून म्हणायच्या, "मास्तर शिंकणार, सगळ्यांनी धरून बसा." हसायचे सगळे. तीही हसायची. शेक झाला, मालिश झाली, पट्टा झाला, व्यायाम झाले, उशीखालच्या गोळ्या झाल्या. घरात सगळ्यांनी दुखण्याला जागा करून दिली होती. खुर्चीवर कायम एक लोड, न्हाणीघरात उंच स्टूल, वरच्या फळीवरचं सगळं सामान आणि अगदी खालच्या फळीवरचं सगळं सामान मधल्या फळीवर.

चार महिन्यांपूर्वी मुलाने फोनवरून फार धोशा लावला म्हणून ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली होती. मणक्यांची शस्त्रक्रिया करणारे, उंच, किंचित पोक काढून चालणारे. त्यांनी प्रकाशाच्या चौकटीवर तिच्या कमरेचा फोटो लावला आणि पेन्सिलच्या टोकाने दाखवलं, "हा चौथा, हा पाचवा. या दोघांमधली चकती बाहेर आली आहे आणि नसेवर दाबून बसली आहे." तिने पाहिलं. एकावर एक मांडलेल्या थरांमध्ये एकाची कड सुटून बाहेर आली होती. हे तिला लगेच समजलं, असं रोज होतं, हाताने सारखं करायचं असतं. "शस्त्रक्रिया करता येईल," डॉक्टर म्हणाले. "पायाची कळ बहुतेक जाईल. कमरेचं मी सांगत नाही. सध्या पायात ताकद आहे, तेव्हा घाई नाही. विचार करा. पण पाय बधिर वाटला, पाऊल अडखळायला लागलं, तर विचार करत बसू नका, या." ते कागद घेऊन ती घरी आली आणि तिने ते मधल्या फळीवर ठेवले.

चपलेचं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण संध्याकाळी नवऱ्याने "कसा होता दिवस?" विचारलं तेव्हा ती "नेहमीसारखा" म्हणून गेली आणि मग ते तसंच राहिलं. दुपारच्या सुट्टीत ती कापडाच्या गठ्ठ्यांमागे सतरंजीवर आडवी व्हायची, पोटऱ्या स्टुलावर ठेवून. एवढ्याच अवस्थेत पायातली तार सैल पडे. छताकडे बघताना तिला आई आठवायची. लहानपणी दुपारी शाळेतून आलं की आई अशीच जमिनीवर उताणी, पाय खुर्चीवर. ती विचारायची, काय करतेस? आई म्हणायची, छत बघतेय. मग दप्तर टाकून तीही शेजारी आडवी व्हायची, आपले छोटे पाय खुर्चीच्या कडेला कसेबसे टेकवायची, आणि दोघी छत बघायच्या. तो तिला खेळ वाटायचा, दिवसातला सगळ्यांत चांगला. आईची पाठ दुखते हे तिला स्वतःची दुखायला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि तोवर विचारायला आई राहिली नव्हती. लोक आईला सोशीक म्हणायचे. अंत्ययात्रेला आलेला प्रत्येक जण तेच म्हणाला, आणि ते ऐकताना तिला, रडू आवरत असतानाही, आतून ताठ वाटलं होतं. आता तिच्याबद्दल तेच म्हणत. इस्त्रीवाल्या ताई म्हणत, नवरा म्हणे, सुट्टी न घेणारी म्हणून मालकही म्हणत. बारा वर्षं रोज थोडं थोडं करून कमावलेली ही गोष्ट होती. शस्त्रक्रिया करून दुखणं गेलं तर आपण कोण उरू, असं तिला कधी कधी वाटे आणि या विचाराची तिला लाज वाटे. पण खरी भीती तिथे नव्हती. खरी भीती भाऊजींची होती.

भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. पोस्टमन होते. सगळा भाग पायाखालचा, कुठल्या इमारतीला किती पायऱ्या ते तोंडपाठ. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर डावं पाऊल वर उचलेना. पायात प्लास्टिकचा आधार, हातात काठी. त्यांना टेबलामागे बसवलं, मग ते निवृत्त झाले. घराण्यात कुणाचीही कंबर धरली की बहीण म्हणायची, "काही करा, पण कापून घेऊ नका. यांचं बघितलं ना?" आणि सगळे भाऊजींच्या पायाकडे बघत, आणि भाऊजी खिडकीबाहेर.

चप्पल निसटल्याला तीन आठवडे झाले असतील. ती कामावरून आली, हातपाय धुतले आणि बाहेरच्या खोलीत लोडाला टेकून पाय लांब करून बसली. नवरा समोर वर्तमानपत्र वाचत होता. तो शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. काचेच्या नळ्या, बाटल्या धुऊन, पुसून, चिठ्ठ्या लावून ठेवण्यात त्याचा जन्म गेला होता आणि एखाद्या वस्तूकडे नीट बघण्याची त्याची सवय घरीही सुटत नसे. त्याने वर्तमानपत्र खाली केलं. "हे काय आहे तुझ्या पायाला?"

"कुठे?"

तो उठून तिच्या पायाशी बसला. डाव्या अंगठ्याच्या खाली, मांसल भागात, काहीतरी बारीक चमकत होतं. त्याने चष्मा वर केला, अंगठा दोन बोटांत धरला आणि ओढलं. टाचणी. कापडाचे थर टाचतात ती, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, पूर्ण आत गेलेली, नुसतं डोकं वर. टेबलापाशी ती चप्पल काढून जाड चटईवर उभी राहायची, तिथेच केव्हातरी शिरली असणार. सकाळी, कदाचित. टाचणी निघाल्यावर रक्ताचा एक थेंब आला आणि अंगठ्याच्या रेषेतून खाली उतरला. दोघेही त्या थेंबाकडे बघत राहिले. तिला काहीच जाणवलं नव्हतं. तिने तो दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा पाहिला. वरून, पोटरीतून, तार नेहमीसारखी पेटलेली होती, घोट्यापर्यंत जळत येत होती, आणि घोट्यापुढे एकदम शांत, दिवे गेलेल्या गल्लीसारखं. बारा वर्षं ती दुखण्याला घाबरत आली होती. ते कमी व्हावं म्हणून तिने काय काय केलं होतं. आणि आता पायाचा एवढासा तुकडा दुखायचा थांबला होता, तर तो दुखावा म्हणून ती नखाने टोचून बघत होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

तिने चपलेचं सांगितलं. तो ऐकून घेत होता. टाचणी अजून त्याच्या चिमटीत होती.

"मला बोलली नाहीस."

"म्हटलं, सोसेन."

"सोसायला आधी कळावं लागतं," तो म्हणाला. आवाज चढवून बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता, आताही तो चढला नाही. पण तो उठून आत गेला आणि औषध-कापूस घेऊन येताना ज्या हातांनी चाळीस वर्षांत क्वचितच एखादी नळी फोडली असेल, त्यांतून बाटलीचं झाकण खाली पडलं. जखम बांधून झाल्यावर तो म्हणाला, "मी तुला कर म्हणणार नाही आणि करू नको असंही म्हणणार नाही. तुझी पाठ आहे. पण ज्याला घाबरतेस त्याला एकदा जाऊन विचार तरी."

रविवारी ती एकटीच बहिणीकडे गेली. बहीण बाजारात गेली होती. भाऊजी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, काठी कठड्याला लावलेली. तिला पाहून ते उठू लागले, तिने नको नको म्हटलं, मग ते स्वतःच दुसरी खुर्ची काठीने ओढू लागले. पायाचं त्यांना कधी कुणी सरळ विचारलं नव्हतं. तीही इकडचं तिकडचं बोलत राहिली, आणि मग मध्येच, काही न जोडता, तिने त्यांना टाचणीची हकीकत सांगितली.

भाऊजी खाली रस्त्याकडे बघू लागले. एक बाई मुलाला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. ती पलीकडे पोचली.

"माझं पाऊल ऑपरेशनच्या आधीच गेलं होतं," ते म्हणाले.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दीड वर्ष आधी. पायऱ्यांवर अडखळायचो. बुटाचं टोक झिजायचं, फक्त डाव्या. तुझी बहीण म्हणायची, पाय उचलून चालत जा. मी म्हणायचो, हो. डॉक्टरनं सांगितलं होतं, लगेच ये म्हणून. पण माझं रजेचं काही जमत नव्हतं. म्हणजे जमलं असतं. मला भीती वाटत होती. पुढे अगदीच उभं राहता येईना तेव्हा गेलो. त्यांनी नस मोकळी केली. कळ गेली, ती परत आली नाही कधी. पाऊल मात्र यायचं तेवढंच आलं, म्हणजे नाहीच. ते म्हणाले, उशीर झाला."

"मग ताई तर म्हणते..."

"तिला वाटलं डॉक्टरनं बिघडवलं. मी वाटू दिलं." त्यांनी काठीची मूठ बोटांनी चाचपली. "एकदा वाटू दिलं की मग रोज द्यावं लागतं. नाहीतर माझं चुकलं म्हणावं लागलं असतं. आठ वर्षं झाली. आमच्या चुलतभावाने माझं बघूनच ऑपरेशन नको म्हटलं, तेव्हाही मी गप्प बसलो. त्याचं बरं चाललंय, देवाची कृपा. नाहीतर..." ते थांबले. "मी काही डॉक्टर नाही. तुझं वेगळं असेल. पण माझ्या पायाकडे बघून ठरवू नकोस. एवढं आधीच सांगायला हवं होतं."

तिला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण भाऊजींच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जड पिशवी खांद्यावरून नुकतीच खाली ठेवलेल्या माणसाचं, की तिला त्यांच्यावर रागावता येईना. जिन्यात बहीण भेटली, पिशव्या घेऊन धापा टाकत. "निघालीस एवढ्यात? काय म्हणाले?" "तुला सांगणार आहेत," ती म्हणाली. "तू वर जा. आज त्यांना बोलू दे."

दुसऱ्याच दिवशी ती आणि नवरा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तिला टाचांवर चालायला लावलं. उजवं पाऊल वर राहिलं. डावं, कितीही मनात आणलं तरी, फरशीवर चपकन पडत राहिलं. चार महिन्यांपूर्वी ते असं पडत नव्हतं. डॉक्टरांनी ते दोनदा करून घेतलं. मग त्यांनी तिला बसवलं आणि स्वतः समोर बसताना एक हात नकळत आपल्या कमरेवर ठेवला. टेबलाच्या उंचीचा त्रास यांनाही आहे तर, तिच्या मनात आलं, आणि का कोण जाणे, तिला धीर आला.

"मीही कापायचंच काम करते," ती म्हणाली. "म्हणून विचारते. फोटोत एक दिसतं, आणि आत गेल्यावर दुसरंच असलं तर?"

"असतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "मग थांबतो. बघतो. आत गेल्यावर मी घाई करत नाही."

"आणि चुकलं?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मात्र तो प्रश्न रोजचाच असावा तसा ऐकून घेतला.

"चुकलंय. दोनदा. दोघांची नावं मला पाठ आहेत."

तिने मान डोलावली. तिच्याही आयुष्यात एक थप्पी होती, एकोणीस वर्षांपूर्वीची, सत्तर थर, सगळ्या बाह्या डाव्याच कापल्या गेलेल्या. तो दिवस, तो निळा रंग, हातात यंत्र थांबवल्यावर झालेली शांतता तिला जशीच्या तशी आठवत होती, आणि त्या दिवसानंतरच आपण खरे मास्तर झालो असं तिला वाटे. या माणसाने "आमच्याकडे असं होत नाही" म्हटलं असतं तर ती बहुधा उठून घरी गेली असती.

"बधिरपणा जाईल?"

"माहीत नाही. जाऊ शकतो, महिने लागतात. सगळा जाईलच असं नाही. पण आत्ता जे आहे ते राखायचं असेल तर थांबून चालणार नाही. या आठवड्यात जमेल?"

"पुढच्या मंगळवारी येते म्हटलं तर? सोमवारी एक मोठा लॉट कापायचा आहे."

"लॉट दुसरं कुणीतरी कापेल," डॉक्टर म्हणाले.

"तेच तर मला नको आहे," ती म्हणाली. आणि मग स्वतःचं बोलणं ऐकून तिला हसू फुटलं, नवराही हसला, आणि हसताना पायातून कळ गेली तशी ती हसता हसताच टेबलाची कड धरून म्हणाली, "गुरुवारी करा."

गुरुवारी सकाळी तिला ढकलगाडीवर निजवून नेलं. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून मागे जात होते. नवरा दारापर्यंत बरोबर चालत आला. तिथे त्याला थांबवलं. तो तिच्या अंगावरची चादर कडेला सारखी करत राहिला. आतल्या खोलीत गार होतं. हिरव्या कपड्यांमधल्या माणसांनी तिला नाव विचारलं, काय करायचं आहे ते तिच्याच तोंडून वदवून घेतलं. समोरच्या माणसाचा गाऊन खांद्यात एक बोट मोठा झाला आहे हे तिच्या लक्षात आलं. हे याला सांगावं की नाही, असा विचार करता करताच ती गुंगीत गेली.

जाग आली तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं ते असं की काहीतरी नाही. खोलीतलं एखादं यंत्र सतत घरघरत असावं आणि ते बंद झाल्यावरच आपल्याला कळावं की ते चालू होतं, तसं. तिने वाट पाहिली. तार आली नाही. ती इतकी घाबरली की शेजारच्या परिचारिकेचा हात धरून तिने विचारलं, "माझा डावा पाय आहे ना?" परिचारिकेने पांघरूण उचलून दाखवला. होता. "हलवा बघू," परिचारिका म्हणाली. अंगठा हलला, किती, तर गव्हाच्या दाण्याएवढा. कंबर मात्र नव्याने, ताज्या जखमेसारखी ठणकत होती, आणि हे दुखणं तिला चक्क साधं वाटलं. याला सुरुवात होती, याला शेवट असणार होता.

पुढचे आठवडे शिकण्यात गेले. ओंडक्यासारखं कुशीवर वळून मग उठायचं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, अर्ध्या तासापेक्षा जास्त बसायचं नाही. इस्त्रीवाल्या ताई भेटायला आल्या आणि सांगून गेल्या की लॉट ठीकच कापला गेला, फारच ठीक नाही. तिला हे ऐकून बरं वाटलं. बहिणीचा फोन येई. पहिल्या फोनवर ती फार रडली होती. भाऊजींनी सगळं सांगितलं होतं आणि चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नव्हती. आता बोलत होती, भांडत होती, म्हणजे सगळं सुरळीत होतं. टाके निघाले. कंबर सकाळी धरायची, दहा वाजेपर्यंत सोडायची. पाऊल आता जरा वर राहू लागलं होतं. घोट्यापुढचा भाग अजून मुका होता, पण त्याच्या कडेला, करंगळीच्या बाजूने, कधी कधी मुंग्या यायच्या, आणि डॉक्टर म्हणाले की मुंग्या चांगल्या. कारखान्यात मालकांनी टेबलाखाली लाकडी ठोकळे घालून ते चार बोटं उंच केलं, असा निरोप आला. सव्वीस वर्षांत तिने मागितलं असतं तर कदाचित तेव्हाही केलं असतं. या गोष्टीचा तिने एक दिवस विचार केला आणि मग सोडून दिला.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला रोज बाहेर चालायला सांगितलं. संध्याकाळी उन्हं उतरली की ती आणि नवरा बागेच्या कुंपणाला धरून जाणाऱ्या लांब रस्त्याने निघत. पहिल्या दिवशी दिव्याच्या तिसऱ्या खांबापर्यंत, मग पाचव्या, मग वळणापर्यंत. बोलत फारसं नसत. एका संध्याकाळी ती मुलाशी आदल्या दिवशी झालेलं बोलणं नवऱ्याला सांगत चालली होती. काहीतरी गमतीचं होतं, आणि तिने त्याच्या हसण्याची वाट पाहिली. हसणं आलं नाही. तिने मान वळवली. नुसती मान, आणि ते वळवून झाल्यावरच तिच्या लक्षात आलं. नवरा सात-आठ पावलं मागे होता. बारा वर्षं तो तिच्या चालीने चालत आला होता. इतकी वर्षं की ती त्याचीच चाल झाली होती. त्याचे पाय आता त्यापेक्षा भरभर पडायचं विसरले होते. तो नेहमीसारखा, सांभाळून, एकेक पाऊल टाकत येत होता, आणि त्याच्या बाजूला कुणी नव्हतं.

"अगं, जरा हळू," तो म्हणाला.

ती कुंपणापाशी त्याची वाट बघत उभी राहिली.